बाहेरचा बॉल आणि डावीकडची जाळी: एका सॉफ्टबॉल बॅटरच्या स्विंगचा अभ्यास

ही मुलगी अमरावती जिल्ह्यातली. वय १७, बारावीत. उजव्या हाताची बॅटर, फिल्डिंगला सेकंड बेसवर. शालेय स्पर्धांतून विभाग आणि विभागातून राज्य, असा नेहमीचा रस्ता तिने चालून झाला आहे. नाव देत नाही, कारण ती अजून खेळते आहे आणि तिचा कच्चा दुवा समोरच्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणारीला, आयता कळायला नको. तिची तक्रार तिच्याच शब्दांत सांगते: "ताई, टीवर तर बराबर लागते ना, मग मॅचमधेच काय होते?" टी म्हणजे सरावासाठी बॉल ठेवायचा उभा दांडा.

मॅचमध्ये होत होतं ते असं. प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोर जमिनीवर बसवलेल्या पाटीच्या, बाहेरच्या कडेने, तिच्यापासून लांबून जाणारा बॉल तिला सोडायचा नसायचा. तो चुकायचाही नाही, बॅटला लागायचा. पण लागून जायचा कुठे, तर टप्पे खात सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपच्या हातात, नाहीतर थर्ड बेसकडे. धावून गाठायचे बेस एकमेकांपासून ६० फुटांवर असल्याने सॉफ्टबॉलमध्ये इनफील्डरला, म्हणजे बेसजवळच्या फिल्डरला, उसंत फार नसते, पण इतक्या मऊ आणि सरळ हातात आलेल्या ग्राउंडरवर, म्हणजे जमिनीवरून आलेल्या बॉलवर, घाई करायची गरजच पडत नाही. फर्स्टला थ्रो आणि आउट. हंगामाच्या शेवटी समोरच्या कॅचर, म्हणजे प्लेटमागे बसून बॉल झेलणाऱ्या मुली, तिला पाहून पहिल्या बॉलपासूनच बाहेर सरकून बसायला लागल्या होत्या.

तिला मिळालेला सल्ला दोन वाक्यांचा होता. एक, "बॉलवर नजर नाही." दोन, "मनगट लवकर फिरतं." दुसरा सल्ला फोटोवर आधारलेला होता. कुणीतरी मॅचमध्ये नेमका फटका बसतानाचा फोटो काढला होता आणि त्यात तिचा उजवा तळवा जमिनीकडे वळलेला स्पष्ट दिसत होता. बॅट धरताना उजव्या बॅटरचा उजवा हात वर असतो. चांगल्या कॉन्टॅक्टला, म्हणजे बॅट बॉलला भिडते त्या क्षणी, त्या हाताचा तळवा आभाळाकडे आणि डाव्या हाताचा जमिनीकडे असायला हवा. हिचं उलटं व्हायला सुरुवात झालेली होती. म्हणून मनगटाचे व्यायाम सुरू झाले, स्विंग करताना मनगट "रोखून" धरायला सांगितलं गेलं, आणि तिचा फटका आणखी मऊ झाला. तेव्हा तिच्या सरांनी मला व्हिडिओ पाठवले.

मी हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण मनगट वळण्याची ही तक्रार मी विदर्भातल्या बऱ्याच मैदानांवर पाहिली आहे आणि बहुतेक वेळा औषध चुकीच्या सांध्याला दिलं जातं. चांगल्या मुली यापायी स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवून बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

फोटोवर किती विसंबायचं

आधी कॅमेऱ्याचा हिशेब. बऱ्याच फोनमध्ये आता सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन असतो. म्हणजे दोन फ्रेममध्ये साधारण ४ मिलिसेकंदांचं अंतर. बॉल आणि बॅट एकमेकांना चिकटून असतात तो काळ जेमतेम १ मिलिसेकंदाचा. म्हणजे चारातून एखाद्याच फटक्यात खरा कॉन्टॅक्ट फ्रेममध्ये सापडणार. बाकी वेळी आपल्या हाती लागते ती एक फ्रेम थोडी आधीची आणि एक थोडी नंतरची. तिच्या समोरच्या पिचरचा बॉल हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत यायला सुमारे १२० फ्रेम लागत होत्या, म्हणजे अर्धा सेकंद. पिचरची पट्टी प्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटर. त्यातून पिचरचं पुढे पडणारं पाऊल वजा केलं तर बॉलचा प्रवास अकरा मीटरच्या आसपास उरतो. वेग निघाला ताशी ८० किलोमीटर. या वेगाने बॉल दर फ्रेमला ९ सेंटिमीटरहून जास्त सरकतो, आणि सॉफ्टबॉलची जाडीच साडेनऊ-पावणेदहा सेंटिमीटर असते. म्हणजे एक फ्रेम इकडची तिकडे धरली की बॉलची जागा अख्ख्या बॉलने चुकते.

म्हणून "हा बघ कॉन्टॅक्टचा फोटो" असं कुणी म्हटलं की मी आधी बॉल कुठे आहे ते पाहते. बॉल बॅटपासून बोटभर जरी सुटलेला असेल तरी तो फोटो कॉन्टॅक्टनंतरचा आहे, आणि नंतरच्या फोटोत हात सरळ झालेले असणारच. पोस्टरवर, वर्तमानपत्रात, इन्स्टाग्रामवर जे देखणे फटके दिसतात, त्यांतले बहुतेक या नंतरच्या क्षणाचे असतात. दोन्ही हात ताठ, बॅट पुढे, बॉल निघालेला. मुली ते पाहून समजतात की फटका बसताना हात असे लांब हवेत. प्रत्यक्षात बॉल लागतो त्या क्षणी मागच्या हाताचा कोपर वाकलेला आणि अंगाच्या जवळ असतो. तो सरळ होतो बॉल गेल्यावर. हा समज तिच्याही डोक्यात पक्का होता.

आणखी एक, फोनच्या बाबतीतलं. फोनचा कॅमेरा चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीने टिपतो. त्यामुळे जोरात फिरणारी बॅट काही फ्रेममध्ये चक्क वाकलेली दिसते. बॅट वाकलेली नसते. शिवाय काही फोन मधल्या फ्रेम स्वतःच बनवून भरतात आणि त्यात कधी दोन बॉल दिसतात, कधी बॅट अर्धी गायब असते. अशा फ्रेमवर कोन मोजायला बसू नये. सकाळच्या लख्ख उन्हात घेतलेला २४० फ्रेमचा साधा व्हिडिओ संध्याकाळच्या कितीही भारी स्लो मोशनपेक्षा जास्त कामाचा असतो.

मी पाठवलेल्या पहिल्या निरोपात दोनच गोष्टी मागितल्या. एक फोन फर्स्ट बेसच्या बाजूला, प्लेटच्या सरळ रेषेत, तिची छाती दिसेल असा, कमरेच्या उंचीवर बांधून ठेवायचा. दुसरा कॅचरच्या मागे, जाळीच्या आड. आणि बॅटरच्या चौकटीत तिचा पुढचा पाय पडतो तिथे चुन्याची आडवी रेघ मारायची, म्हणजे बॉल त्या रेघेच्या किती पुढे किंवा मागे लागला ते पाहता येईल.

फ्रेममध्ये काय दिसलं

टीवरचा व्हिडिओ पाहून आनंद झाला. पुढचा पाय टेकल्यावर गुडघा सरळ होत भक्कम, मागची टाच उचललेली, कंबर पिचरकडे पूर्ण उघडलेली, डोकं दोन पायांच्या मध्ये थोडं मागच्या अंगाला स्थिर. हनुवटी पुढच्या खांद्यापासून मागच्या खांद्यापर्यंत जाते, म्हणजे डोकं जागेवर राहून खांदे त्याच्याखालून फिरतात. इतकं स्वच्छ अंग मला राज्य पातळीवरही फार वेळा पाहायला मिळत नाही.

मॅचमधल्या आतल्या बॉलवरही हेच अंग. दोन फटके तर सुरेख होते, डावीकडे लाइन ड्राइव्ह, म्हणजे टप्पा न खाता सरळ जाणारे फटके.

बाहेरच्या बॉलवर कमरेखालचं सगळं तसंच होतं. "बॉलवर नजर नाही" हा आरोप इथेच गळून पडला. डोकं बॉलच्या दिशेने झुकलेलं, शांत. तसंही शेवटच्या काही फुटांत बॉल डोळ्यांच्या पकडीत राहतच नाही, कुणाच्याच राहत नाही. डोकं स्थिर ठेवणं एवढंच हातात असतं आणि ते ती करत होती.

फरक होता हातांत आणि चुन्याच्या रेघेवर. बॉल पुढच्या पायाच्या रेघेच्या सुमारे ३५ ते ४० सेंटिमीटर पुढे लागत होता. दोन्ही कोपर सरळ. उजवा तळवा जमिनीकडे वळू लागलेला. बॅटचं टोक हातांच्या पुढे निघून शॉर्टस्टॉपकडे रोखलेलं. कॅचरच्या मागच्या फोनमध्ये दिसत होतं की बॅट बॉलला मागून न भिडता बाहेरच्या अंगाने येऊन आतल्या बाजूला ओढते आहे.

बाहेरचा बॉल खरं तर पुढच्या पायाच्या रेघेपाशीही गाठायचा नसतो, तिच्या मागे येऊ द्यायचा असतो. आतला बॉल पायाच्या वीतभर पुढे, मधला पायाच्या आसपास, बाहेरचा पुढच्या खुब्याजवळ. कारण सरळ आहे. बॅट गोल फिरते. आतल्या बॉलपर्यंत पोहोचायला टोक वळून पुढे यावं लागतं, बाहेरच्या बॉलला ते अजून मागे असतानाच गाठता येतं आणि तेव्हा बॅट उजव्या मैदानाकडे तोंड करून असते. बाहेरचा बॉल पुढे गाठायला गेलं की बॅटचं टोक आधीच डावीकडे वळलेलं, अंतर कमी पडतं, ते भरून काढायला हात ताणले जातात, आणि हात पूर्ण ताणले गेले की मनगटं वळतातच. ती वळायलाच हवीत. नाही वळली तर ताण कोपरावर आणि खांद्यावर येईल.

म्हणजे तिचं मनगट लवकर फिरत नव्हतं. मनगट आपल्या वेळेवरच फिरत होतं. बॉलची भेटच फार पुढे होत होती.

मऊ ग्राउंडर का निघतो, तेही मोजून पाहण्यासारखं आहे. बॉलचा व्यास साधारण ९.७ सेंटिमीटर, बॅटचा जास्तीत जास्त सव्वादोन इंच, म्हणजे ५.७. दोघांच्या मध्यांमधलं अंतर भिडताना ७.७ सेंटिमीटर. बॅटचा मध्य बॉलच्या मध्यापेक्षा १ सेंटिमीटर वर गेला तर बॉलला ढकलण्याची दिशा सात-साडेसात अंश खाली होते. २ सेंटिमीटर वर, म्हणजे बोटाच्या पेराएवढी चूक झाली, तर १५ अंश. मनगटं वळू लागली की बॅटचं टोक वर चढायला लागतं, त्यामुळे हे एक-दोन सेंटिमीटर आपोआपच मिळतात. त्यात बॉलही उतरताच असतो. खालून टाकलेला बॉल बेसबॉलएवढा तीव्र उतरत नाही, तरी ताशी ८० किलोमीटरच्या साध्या बॉलचा प्लेटजवळचा उतार सहा अंशांच्या आसपास येतो, मुद्दाम खाली उतरवलेल्या ड्रॉप बॉलचा त्याहून जास्त. वर चढणारी बॅट आणि खाली उतरणारा बॉल अशी भेट झाली की तो बॉल जमिनीवरच जाणार, आणि बॅट त्याच्या अंगावरून घासून गेल्याने जोरही जाणार.

पुष्कळ मुली फटका बसताना बॉल मनगटाने "ढकलायला" बघतात, म्हणून हेही इथे सांगते. बॉल बॅटला चिकटून असतो त्या एका मिलिसेकंदात बॅट दोन-अडीच सेंटिमीटर पुढे जाते. त्या वेळात मेंदूचा निरोप मनगटापर्यंत पोहोचणं शक्य नाही. फटका बसला की मनगटाने काही करायचं उरलेलंच नसतं.

मनगटाची परीक्षा

हे सगळं फ्रेम बघून मांडलेलं. ते खरं आहे का, हे मैदानावर तपासायला हवं होतं. तपासणी सोपी होती आणि कुणीही करू शकतं. टी प्लेटच्या बाहेरच्या कडेला आणि पुढच्या पायाच्या रेघेच्या मागे ठेवायची. जर दोष मनगटात किंवा पकडीत असेल तर इथेही तळवा वळलेला दिसेल. दोष जागेचा असेल तर दिसणार नाही.

पहिले काही फटके पाहवत नव्हते. बॅट टीच्या मानेवर आपटत होती, एकदा बॉल नुसता खाली पडला. तिला ती जागाच ओळखीची नव्हती. पण लागलेल्या प्रत्येक फटक्यात उजवा तळवा आभाळाकडे होता आणि कोपर वाकलेला. मनगटाचा व्यायाम त्या दिवशी बंद केला.

बॅटचीही शंका सरांना होती. संघाची ३४ इंची बॅट तिच्या अंगाला जड आहे, म्हणून ती हात आधी सोडते, असं त्यांचं म्हणणं. शंका रास्त होती. आपल्याकडे अख्ख्या संघात दोन-तीन बॅट असतात आणि सगळ्यांना त्याच वापराव्या लागतात. हलकी, आखूड बॅट मागून आणून पाहिली. बॉल आणखी पुढे लागायला लागला. बॅट जड म्हणून उशीर होतो हे ऐकलं होतं, इथे तर तिला उलट लवकर होत होतं आणि हलक्या बॅटने ते वाढलं. हलकी बॅट तिला पुढेमागे घ्यावीच, पण या दुखण्यावर ते औषध नव्हतं.

मग प्रश्न उरला की इतकं चांगलं अंग असलेली मुलगी प्रत्येक बॉल त्याच पुढच्या जागी का गाठते. मॅचचे व्हिडिओ पाहून याचं उत्तर मिळेना. मी सरांना म्हटलं, तिची रोजची प्रॅक्टिस दाखवा, तिच्यावर झूम न करता, अख्खा कोपरा दिसू द्या.

जाळी

तो व्हिडिओ आला आणि उत्तर सापडलं. मैदानाच्या उजव्या अंगाला वर्गखोल्यांच्या खिडक्या आहेत. काचा फुटू नयेत म्हणून सरावाची जाळी डावीकडच्या भिंतीला बांधलेली. प्लेटपासून जेमतेम सात-आठ फुटांवर, आणि समोर नव्हे तर शॉर्टस्टॉपच्या दिशेला. मुली रांगेने येतात, टीवर ठेवलेला बॉल त्या जाळीत मारतात. जाळीत बॉल जायचा असेल तर तो डावीकडेच जायला हवा. म्हणून टी सरकत सरकत पुढे आलेली. प्लेटच्या पुढच्या कडेच्याही पुढे, पायाच्या रेघेच्या चांगली वीत-दीड वीत पुढे. कुणी ठरवून केलेलं नाही. बॉल जाळीबाहेर गेला की धावत आणावा लागतो, आणि जी मुलगी टी पुढे ठेवेल तिचा बॉल जाळीबाहेर जात नाही, एवढंच.

ही मुलगी सगळ्यांत कष्टाळू. शाळा सुटल्यावर इतर मुली घरी गेल्या तरी ती तिथे. वर्षानुवर्षं तिने एकच जागा घोटली होती: पायाच्या पुढे, बॅट डावीकडे वळलेली. ती जागा आतल्या बॉलची आहे. म्हणून आतल्या बॉलवर ती राज्य करत होती, आणि बाहेरचा बॉल ती त्याच जागी शोधत होती.

जाळीची आणखी एक अडचण आहे आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सात फुटांवरच्या जाळीत प्रत्येक फटका चांगलाच दिसतो. आवाज येतो, जाळी फुगते, बॉल खाली पडतो. तो बॉल पुढे जाऊन टप्पे खात शॉर्टस्टॉपकडे गेला असता की तिच्या डोक्यावरून, हे जाळी सांगत नाही. आपल्याकडे मोकळं मैदान रोज मिळत नाही, त्यामुळे जाळीशिवाय चालणार नाही हे खरंच आहे. पण मग जाळीवर दोरीने चौकोन तरी बांधा, बॉल कुठल्या उंचीवर आणि कुठल्या दिशेला लागला ते मुलीला कळू द्या.

काय केलं

पहिलं काम जाळी हलवण्याचं. सरांनी दोन बांबू रोवून जुनी जाळी दुहेरी करून खिडक्यांच्या बाजूला बांधली आणि सरावाची जाळी समोर, थोडी उजवीकडे घेतली. मुख्याध्यापकांची परवानगी काढली. खर्च म्हणाल तर दोरीचा.

दुसरं, चुन्याने जमिनीवर टीसाठी तीन खुणा. आतली पुढे, मधली पायाच्या रेघेला लागून, बाहेरची मागे. टी कुठे ठेवायची हे आता खुणेवरून ठरणार, आणि सुरुवातीला जास्तीत जास्त वेळ बाहेरच्या खुणेवर.

तिसरं, अर्धी हवा काढलेला जुना फुटबॉल. तो टीवर ठेवून मारायचा. जड आणि मऊ असल्याने तो बॅटला अडवतो. मागचा कोपर वाकलेला, तळवा वर, पुढचा पाय भक्कम असेल तर बॅट त्याच्यातून आरपार जाते. हात आधीच सरळ झालेले असतील तर बॅट मागे ढकलली जाते आणि मनगटाला लगेच कळतं. तोंडाने काही सांगावं लागत नाही. हे थोडेच फटके करायचे, दमून भागल्यावर नाहीत.

चौथं, समोरून टॉस. टाकणारी वीस फुटांवर आडोशामागे बसून खालच्या हाताने बॉल टाकते, बाहेरच्या कडेला. इथे आम्ही एकच सूचना ठेवली: बॉल सेकंड बेसच्या डोक्यावरून जायला हवा. ती स्वतः सेकंड बेसवर खेळते, तेव्हा "तुझ्याच जागेवर मार" एवढं म्हटलं तरी पुरायचं.

ही सूचना का, ते सांगते. सहज तोंडात येणारी सूचना असते "थांब, उशिरा मार." पण किती उशिरा? बॉल ४० सेंटिमीटर पुढे लागतो, तो १० सेंटिमीटर मागे लागायला हवा. फरक ५० सेंटिमीटरचा. ताशी ८० किलोमीटरच्या बॉलला तेवढं जायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. माणसाला काही दिसून त्यावर हालचाल सुरू करायलाच साधारण २०० मिलिसेकंद जातात. २३ मिलिसेकंद थांबणं हे कुणाच्याही इच्छेच्या ताब्यात नसतं. "थांब" म्हटलं की मुलगी अंग सगळंच अडवून धरते, कंबर अडते, आणि मग फक्त हातांनी मारते. दिशा दिली की शरीर ते २३ मिलिसेकंद आपले आपण शोधतं. वेळ शिकवता येत नाही, जागा शिकवता येते, असं माझं या प्रकरणानंतर पक्कं मत झालं आहे.

आणि हा वेळाचा हिशेब वरच्या पातळीवर आणखी आवळतो. अमेरिकेची मोनिका अ‍ॅबट हिने २०१२ मध्ये ताशी ७७ मैलांचा, म्हणजे सुमारे १२४ किलोमीटरचा बॉल टाकला होता. त्या वेगाला अकरा मीटर पार करायला एक तृतीयांश सेकंदही लागत नाही. तिथे बॉलची जागा आधीपासून अंगात मुरलेली नसेल तर विचार करून काहीच जमणार नाही.

मधला वाईट काळ

सुरुवातीचे आठवडे कठीण गेले. टॉसवर बाहेरचा बॉल उजवीकडे फाउल, म्हणजे रेषेबाहेर, जायचा, किंवा सरळ वर उडायचा. त्याहून वाईट म्हणजे आतला बॉल, जो तिचा हुकमी होता, तो आता बॅटच्या मुठीजवळ लागायला लागला. थंडीच्या सकाळी मुठीजवळ बॉल लागला की हात कोपरापर्यंत झिणझिणतात. ती चिडली. "ताई, होतं तेही गेलं ना," असं म्हणाली आणि रडली. सरही अस्वस्थ झाले, कारण विभागीय सामने जवळ येत होते.

मी इथे ठाम राहिले आणि त्याचं कारण फ्रेममध्ये होतं. फाउल जाणाऱ्या फटक्यांत बॉल आता रेघेच्या मागे लागत होता, थोडा जास्तच मागे. कोपर वाकलेला होता, तळवा वर होता. म्हणजे आकार बरोबर, जागा अजून डळमळीत. हे शब्दांत सांगून पटलं नसतं. जुनी आणि नवी फ्रेम शेजारी शेजारी लावून तिला पाठवली आणि दोन्हींत स्वतःच्या उजव्या तळव्याकडे बघायला सांगितलं. तिने ते दोन फोटो सरांना दाखवले, आईला दाखवले.

मग आतली खुण पुन्हा वापरात आणली. एक आत, एक बाहेर, कधी दोन बाहेर, क्रम न सांगता. टॉस टाकणाऱ्या मुलीला मुद्दाम चुकवायला सांगितलं. आतला बॉल परत यायला वेळ लागला नाही, तो तिच्या अंगात होताच.

आत्ता कुठे आहे

शेवटच्या व्हिडिओत, मॅचमधल्या बाहेरच्या बॉलवर, कॉन्टॅक्ट पुढच्या पायाच्या रेघेच्या आसपास आला आहे. मला हवा तेवढा मागे अजून नाही. पण कोपर सरळ व्हायच्या आत बॉल लागतो आणि मनगटं त्यानंतर वळतात. फर्स्ट आणि सेकंडच्या मधल्या फटीतून निघालेले, आणि एक-दोन तर उजव्या-मधल्या मैदानात पडलेले फटके तिने मारले आहेत. विरुद्ध संघाच्या कॅचर पूर्वीसारख्या बाहेर सरकून बसत नाहीत, याचं तिला फटक्यांपेक्षा जास्त अप्रूप आहे.

हे वाचून मनगट वळणाऱ्या प्रत्येक मुलीची टी मागे नेऊ नका. काही मुलींचं डोकं आणि अंगच बॉलकडे झेपावतं, त्यांचा पुढचा गुडघा कॉन्टॅक्टला वाकलेला दिसतो. काही प्लेटपासून फार लांब उभ्या राहतात आणि बाहेरचा बॉल त्यांना ताणल्याशिवाय मिळतच नाही. काहींची पकड खरोखरच चुकलेली असते. मागे ठेवलेल्या टीची परीक्षा आधी घ्या, पाय आणि गुडघा आधी पाहा.

हिचं एक दुखणं अजून शिल्लक आहे: चेंज-अप. तोच हात, तोच झपाटा, पण बॉल संथ. तिथे बॉल पुन्हा खूप पुढे लागतो आणि पुन्हा तोच ग्राउंडर निघतो. दिसायला जुना दोष, पण फ्रेम वेगळं सांगतात. इथे पुढचा गुडघा केव्हाच सरळ झालेला असतो, कंबर फिरून संपलेली असते, म्हणजे अख्खं अंग लवकर निघालेलं असतं. टीची जागा बदलून हे सुटणार नाही. पाय टेकला तरी हात मागेच राहायला हवेत, म्हणजे खालचं अंग फसलं तरी वरचं अजून शाबूत असेल. सरांना आता फक्त चेंज-अपचे व्हिडिओ पाठवायला सांगितलं आहे, आणि प्रत्येकात पुढचा पाय टेकतो त्या फ्रेमवर थांबून हातांची मूठ मागच्या खांद्यापासून किती लांब गेली आहे ते आधी मोजायला.